ओझर ते सांबरा: ४८० किलोमीटर, एक तास आणि मावशी

शुक्रवार

बेळगावच्या धाकट्या मावशीच्या मुलाचा साखरपुडा ठरला आणि मोठ्या मावशीने जाहीर केलं की मी बसने येणार नाही, माझी कंबर म्हणजे सरकारी रस्ता नाहीये. नाशिक-बेळगाव रोडने साडेपाचशे किलोमीटर. नारायणगाव, पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, सगळं सुरळीत असलं तरी दहा तास धरायचे आणि चाकणला ट्रॅफिक लागलं की देवाचं नाव घ्यायचं. हे फेब्रुवारी २०२१ मधलं आहे. तेव्हा नुकतंच, म्हणजे २५ जानेवारीला, स्टार एअरचं नाशिक-बेळगाव विमान सरकारच्या स्वस्त विमानप्रवासाच्या उडान योजनेत सुरू झालेलं. मला विमानांचा नाद आहे, मावशीला विमानात बसायचं होतं, दोघांचं जमलं.

तिकीट काढताना वेबसाइटवर वेळ दिसली, साधारण एक तास. मी लगेच दोन्ही विमानतळांचे, म्हणजे नाशिकचं ओझर आणि बेळगावचं सांबरा यांचे, अक्षांश-रेखांश काढून सरळ अंतर मोजलं, ते आलं ४८० किलोमीटरच्या आसपास, वैमानिकांच्या भाषेत २५९ नॉटिकल मैल, कारण त्यांचा मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. मावशी म्हणाली, "साडेपाचशेचं चारशेऐंशी झालं, म्हणजे सत्तरच किलोमीटर वाचले की रे." बरोबर आहे. नाशिक आणि बेळगाव दोन्ही घाटमाथ्यावरची गावं, मध्ये समुद्र नाही की मोठी खाडी नाही, त्यामुळे रस्ताही फार वळसा घेत नाही. फायदा आहे तो सगळा वेगाचा.

आता वेगाचं गणित. हे विमान एम्ब्रेअर १४५, पन्नास सीटचं छोटं जेट. वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जातं. ४८० भागिले ८०० केलं तर ३६ मिनिटं येतात, मग तिकिटावर एक तास कशाला? तर तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणं आलं, योग्य दिशेला वळणं आलं, चढणं-उतरणं आलं. उतरण्याचा एक ढोबळ हिशोब असतो, जितके हजार फूट उंची त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधी उतरायला लागायचं. म्हणजे पंचवीस हजार फुटांवर असाल तर ७५ नॉटिकल मैल, जवळजवळ १४० किलोमीटर आधीच खाली यायला सुरुवात. चढायलाही शंभरेक किलोमीटर जातात. एवढ्याशा प्रवासात पूर्ण वेगाने सपाट उडणं जेमतेम निम्मं. म्हणूनच एवढ्या अंतराला पंख्याचं एटीआर विमान, जे ताशी पाचशेच्या आसपास जातं, तेही जेटपेक्षा वीस-पंचवीस मिनिटंच जास्त घेतं. वेबसाइटा ते अंतर आणि वेळ अगदी मिनिटासकट छापतात, पण दोन छोट्या गावांतला खरा वेळ जमिनीवर जातो किंवा जमिनीवर वाचतो, हे माझं मत या ट्रिपनंतर पक्कं झालं.

दुपारी साडेतीनला इंदिरानगरहून निघालो. मुंबई-आग्रा हायवेने आडगाव, मग दहावा मैल, तिथून जानोरीकडे आत. विमानतळाला सगळे ओझर म्हणतात पण टर्मिनल जानोरीच्या बाजूला, दिंडोरी तालुक्यात आहे. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मांडव, सीझनची सुरुवात, क्रेट भरलेले पिकअप उभे, आणि मध्येच चकचकीत विमानतळाची पाटी, हे कॉम्बिनेशन मला फार आवडतं. आणखी एक गंमत, धाकट्या मावशीच्या जावेने फोनवर विचारलं होतं, "ओझरला म्हणजे विघ्नेश्वराला दर्शन घेऊन येताय होय?" ते अष्टविनायकातलं ओझर जुन्नर तालुक्यात, हे निफाड तालुक्यातलं. टॅक्सीवाल्यांकडूनही असे किस्से ऐकलेत, नकाशावर नुसतं ओझर टाकून निघू नका बाबांनो.

धावपट्टी एचएएल या सरकारी विमान कंपनीची आहे. १९६४ साली इथे मिग विमानांचा कारखाना आला, नंतर सुखोई-३० इथेच जोडली गेली. त्यामुळे धावपट्टी चांगली तीन किलोमीटर लांब, आणि त्यावर दिवसाला प्रवासी विमानं बोटावर मोजण्याइतकी. प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये झालं आणि नंतर बरीच वर्षं त्याची अवस्था मांडव घातलाय पण नवरदेव आला नाही अशी होती. एक कंपनी यायची, काही महिने उडायची, बंद. हे नाशिककरांना सांगायला नको.

आत गेलो तर रांगच नाही. कोरोनाचे दिवस, वेब चेकइन घरूनच केलेलं, दारात कपाळावर तापमानाची बंदूक, बॅग स्कॅन, फेस शिल्ड हातात, संपलं. गाडीतून उतरल्यापासून आत खुर्चीवर टेकेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. मावशीने इतकी तयारी केली होती, चपला सहज निघतील अशा, बांगड्या पर्समध्ये, सुपारी कातायचा अडकित्ता घरी ठेवलेला (हे मी तीनदा बजावलं होतं), आणि सिक्युरिटीतल्या बाई तिला म्हणाल्या, "आजी, सावकाश, घाई नाहीये." मुंबईला हे वाक्य मी कधी ऐकलेलं नाही. मुंबईहून बेळगावला उडायचं म्हटलं असतं तर आधी १७० किलोमीटर कसारा घाट उतरून चार तास, दोन तास आधी पोचायचं, मग तासाचं विमान, सात-आठ तासांची निश्चिंती. म्हणजे हवेतला वेळ तोच, फरक पडला तो अलीकडच्या सहा तासांत.

मावशीला चहा हवा होता. मिळाला, पण विमानतळाच्या भावाने, आणि मावशीने त्या कपाकडे ज्या नजरेने पाहिलं ते मी लिहीत नाही.

विमानात एका बाजूला एकच सीट आणि दुसऱ्या बाजूला दोन. त्या काळात मोठ्या विमानात मधल्या सीटवाल्याला अंगभर गाऊन घालून बसवायचे, इथे मधली सीटच नाही, तो प्रश्न मिटला. डावीकडची एकटी सीट बघून लोक खूश होतात पण दक्षिणेला जाणाऱ्या संध्याकाळच्या विमानात पश्चिम उजवीकडे येते, म्हणून मी मुद्दाम उजवीकडच्या दोन घेतल्या होत्या, खिडकी मावशीला. मावशीने बाहेर वाकून बघितलं, "अरे पंखा कुठंय याचा?" इंजिनं शेपटीकडे आहेत म्हटल्यावर तिचं समाधान झालं नाही. "मागून ढकलणार होय, बरं."

सहा वाजून गेल्यावर हललो. अनाउन्समेंट झाली की हा संरक्षण खात्याशी संबंधित विमानतळ आहे, फोटो काढू नका, मावशीने लगेच मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेनही लावली. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, बेळगावचीही जवळपास तशीच, आणि आपल्याला जायचंय दक्षिणेला. म्हणजे दोन्हीकडे आडवं पळून मग काटकोनात वळायचं. सरळ रेषेच्या ४८० मध्ये ही वळणं मोजलेली नसतात, शिवाय विमान ठरवून दिलेल्या हवाई मार्गाने जातं, त्यामुळे प्रत्यक्षातलं अंतर नेहमी कागदापेक्षा थोडं जास्तच भरतं. आम्ही पश्चिमेकडे उडालो, डावीकडे कलून वळलो आणि मावशीच्या खिडकीत आधी नुसतं आभाळ आलं, तेव्हा तिने माझा हात धरला, मग विमान सरळ झालं आणि खाली पूर्ण नाशिक. गंगापूर धरणाचं पाणी तांबडं झालेलं, मागे अंजनेरी आणि ब्रह्मगिरी काळे. तिला गोदावरी दाखवायची होती मला, पण ती एवढ्यात शोधून होईना, आणि मावशी म्हणाली, "राहू दे, ती कुठं जात नाही." पुढे कळसूबाईची रांग उजव्या हाताला, सूर्य त्याच्या मागे गेलेला.

मी आदल्या रात्री नकाशावर ओझर ते सांबरा सरळ रेष ओढून ठेवली होती. ती सिन्नरच्या बाजूने निघते, नारायणगावच्या थोडं पूर्वेला (म्हणजे ते विघ्नेश्वराचं ओझर दहा-बारा किलोमीटरवर राहतं, जावेचंही अगदीच काही चुकलं नव्हतं), मग जेजुरीला चिकटून, फलटण-लोणंदच्या मधून आणि शेवटी थेट इचलकरंजीवरून. पुण्याचा प्रचंड उजेड उजवीकडे दिसला तेव्हा मी सांगितलं, आता जेजुरी जवळ आहे. मावशीने अंधाराला नमस्कार केला. पलीकडच्या सीटवरच्या काकांनीही केला, कुठला देव ते न विचारता.

फ्लाइट मोडमध्येही फोनचं जीपीएस चालतं, फक्त फोन खिडकीजवळ धरावा लागतो कारण ते नुसतं उपग्रहांचं ऐकतं, स्वतः काही पाठवत नाही. फोन मावशीच्या हातात दिला. ती आकडे वाचायला लागली, सातशे दहा, सातशे साठ, सातशे ऐंशी, आणि मग एकदम, "अरे कमी व्हायला लागलं, काही बिघडलं का?" बिघडलं नव्हतं, उतरायला लागलो होतो. अजून कोल्हापूर यायचं होतं. तोच तो तिपटीचा हिशोब, मी तिला परत समजावला आणि तिने परत ऐकून घेतला.

सांबऱ्याला उतरलो तेव्हा सात वाजून गेलेले. विमानातून चालत टर्मिनलमध्ये, चालत बाहेर, बस नाही, फलाटासारखे लांबच लांब कॉरिडॉर नाहीत. हाही विमानतळ मुळात लष्करीच, १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधलेला, आजही शेजारी वायुदलाचं ट्रेनिंग स्कूल आहे. नवं टर्मिनल २०१७ चं. म्हणजे दोन्ही टोकांना फौजी धावपट्टी आणि तिच्या कडेला नंतर आलेलं नागरी टर्मिनल. छोटी गावं अशी विमानाने जोडली जातात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं, धावपट्टी आयती मिळते.

शहर दहा-अकरा किलोमीटर. मावसभाऊ गाडी घेऊन आलेला, "काय मावशी, दमलासा काय?" मावशी म्हणाली, "दमायला वेळच कुठं मिळाला?" आठच्या आसपास बेळगावातल्या शहापूरला पानावर बसलो होतो. नाशिकच्या दारापासून बेळगावच्या दारापर्यंत साडेचार तास, त्यातला हवेतला तास सुद्धा नाही.

शनिवार

साखरपुडा. मोजकी माणसं, सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. याचं वर्णन करत नाही, तुम्ही सगळ्यांनी साखरपुडे पाहिलेत. फक्त मांड्यांबद्दल लिहिलं पाहिजे. बेळगावी मांडे म्हणजे उपड्या कढईवर भाजलेली कागदासारखी पातळ पोळी, आत साखर, घडी घातलेली, तोंडात टाकली की चुरा. धाकट्या मावशीने आम्हाला न्यायला मोठा डबा भरून ठेवला आणि मोठी मावशी तेव्हाच म्हणाली की हे विमानात जाईल पण ट्रेनमध्ये जगणार नाही.

कारण परतीचं विमान आम्हाला मिळालं नव्हतं. ते रोज नव्हतं, आठवड्यातले ठरावीकच दिवस, आणि रविवारच्या विमानात स्वस्तातल्या सीट केव्हाच गेलेल्या. उडानचं असं आहे की विमानातल्या साधारण निम्म्या सीटना भाड्याची मर्यादा असते, बाकीच्या बाजारभावाने. योजना आली तेव्हा तासाभराच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या विमानप्रवासाला २५०० रुपये ही मर्यादा ठरवलेली आणि कंपनीचा तोटा सरकार भरून देणार. एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली पहिलं विमान उडालं त्याच योजनेतलं. ही मर्यादा अंतरावर ठरते, म्हणून आमचे ४८० किलोमीटर नुसते नादिष्ट लोकांनी मोजायचे नाहीत, त्यावर पैसे अवलंबून आहेत. पण उरलेल्या निम्म्यात सापडलात की गणित फिरतं. दोघांचं भाडं बघून मावशी म्हणाली, "एवढ्यात शहापुरी साडी येईल." आणि तिने ती घेतली, संध्याकाळीच. हातमागाच्या घरगुती दुकानात दीड तास. मी बाहेर कट्ट्यावर.

रविवार

सकाळी किल्ला. आत कमल बस्ती आहे, १२०४ सालचं जैन मंदिर, छताला दगडात कोरलेलं उलटं कमळ लोंबतंय, पाकळ्या मोजायला लागलो की मान दुखते. शांत, थंडगार, आणि आम्ही सोडून जेमतेम चार माणसं. मग टिळकवाडीत काँग्रेस विहीर. डिसेंबर १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथे. अधिवेशनाला आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी ही विहीर. मावशीने आत वाकून पाणी आहे का बघितलं, हे ती प्रत्येक विहिरीला करते. खडे बाजारात कुंदा घेतला. कुंदा ट्रेनमध्ये टिकतो.

दुपारी घरच्या गच्चीवर होतो आणि विमान जाताना ऐकू आलं, बहुधा तेच, नाशिकचं. भावाने घड्याळ बघितलं, "हे बघा, तुमच्याआधी पोचणार." हे सांगायला हुशारी लागत नव्हती.

संध्याकाळी गोवा एक्सप्रेस. वास्कोहून दिल्लीला जाणारी, तेव्हा स्पेशल म्हणून धावत होती. ही गाडी नाशिक रोडला येत नाही, मनमाडला सोडते. आणि इथे अंतराची खरी मजा आहे. बेळगावहून मिरज, सातारा करत पुणे सव्वाचारशेच्या आत-बाहेर, मग पुण्याहून पूर्वेला दौंड, तिथून नगर आणि मनमाड, सगळं मिळून सव्वासातशेच्या आसपास. वर मनमाड-नाशिक आणखी ७३ किलोमीटर रेल्वेने. त्याच दोन गावांत विमानाला ४८०, गाडीला ५५०, रेल्वेला आठशे! नाशिक-पुणे थेट रेल्वे नाही म्हणून हा सगळा वळसा, आणि ती व्हावी म्हणून आपण किती वर्षं बोंबलतोय हे वेगळं सांगत नाही.

एसी डब्यात तेव्हा चादर-ब्लँकेट देत नव्हते, आम्ही शाली नेल्या होत्या. मिरजेला मावशी प्लॅटफॉर्मवर उतरली, चहा प्यायली, आणि म्हणाली, "हा बघ, याला चहा म्हणतात." समोरच्या बर्थवर निपाणीचं एक जोडपं, त्यांनी भडंग काढलं, मावशीने मांडे काढले, डबा उघडला तेव्हा निम्म्यांचा भुगा झालेलाच होता, तो चमच्याने खाल्ला सगळ्यांनी. त्या काकांना मी विमानाचं सांगितलं तर ते म्हणाले, तासात पोचता ते ठीक, पण आम्हाला बुधवारी जायचं असलं तर? उत्तर नव्हतं माझ्याकडे. दर आठवड्याला मोजक्या दिवशी जाणाऱ्या विमानाचा प्रवासवेळ खरं तर तुमच्या कामाच्या दिवसापासून पुढच्या विमानाच्या दिवसापर्यंत मोजायला हवा. मग बस जिंकते. आणि पन्नास सीटचं विमानही रोज भरेल इतकी माणसं या दोन गावांत रोज जा-ये करतात का, हा कंपनीच्या बाजूचा प्रश्न, तोही खोटा नाही. पुण्या-मुंबईचं तसं नसतं, एक चुकलं तर दुसरं मिळतं.

सोमवार

पुणे मध्यरात्रीनंतर कधीतरी झोपेत गेलं. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर नगर जिल्ह्यातला ऊस आणि कांदा, गाडी कुठल्याशा छोट्या स्टेशनात उगाच थांबलेली. मावशी दात घासून, वेणी घालून तयार, कुंद्याच्या बॉक्सवर हात ठेवून बसलेली.

मनमाडला उतरेपर्यंत सकाळ संपत आलेली. पुढच्या गाडीची वाट बघायची तयारी नव्हती म्हणून टॅक्सी केली, चांदवडला मिसळ खाल्ली. इंदिरानगरला घरात पाय ठेवला तेव्हा बेळगावचं घर सोडून सतरा तास वगैरे झाले होते. जाताना साडेचार. फॅमिली ग्रुपवर मी दोन्ही आकडे टाकले, खाली तीन अंतरंही टाकली, ४८०, ५५०, ८००. कुणी अंगठा दिला, कुणी नमस्कार. पुण्याच्या मामाने लिहिलं, "पुण्यापर्यंत शिवशाही, पुढे माझ्या गाडीने सोडलं असतं, एवढं काय त्यात." मावशीने त्याला व्हॉइस मेसेज पाठवला, दीड मिनिटाचा, त्यात पंखा नसलेलं विमान, अंधारातली जेजुरी, तापमानाची बंदूक सगळं होतं, ट्रेनबद्दल फक्त मिरजेचा चहा. आणि शेवटी मला विचारलं ते वेगळंच, लग्न मे महिन्यात आहे, तारीख अजून ठरायचीय, तर विमान कुठल्या वारी असतं ते धाकटीला आत्ताच कळव, मुहूर्त काढतानाच बघतील.